‘डेट’मधला मुका ‘बी’

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला काही प्रश्न केव्हा ना केव्हा पडतातच. त्यांपैकी एक प्रश्न ‘डेट’ या शब्दाचा. तारीख या अर्थाचा ‘डेट’ नव्हे. कर्ज, देणे, ऋण या अर्थाचा. त्याची अक्षरे चार : डी, ई, बी, टी. उच्चारात मात्र तीनच येतात. ‘बी’ कोठे गेला, असे मुलाने विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘तो मुका आहे, पाठ कर.’ मूल पाठ करते, पुढच्या परीक्षेत विसरते आणि एक गुण गमावते. वास्तविक ते मूल मूर्ख नसते. जे कानाला ऐकू येते ते लिहावे, एवढीच साधी गोष्ट ते करीत असते.

मुक्या अक्षरांचे इंग्रजीत दोन वंश आहेत, आणि शिकवताना ते वेगळे ठेवले पाहिजेत. ‘नो’ म्हणजे जाणणे, या शब्दाच्या आरंभी लिहिला जाणारा ‘के’ आज मुका असला तरी जन्मतः मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जात असे; आपल्या ‘ज्ञा’ धातूतील ‘ज्’शी त्याचे सख्खे नाते आहे. उतारवयात वाचा गेलेला असा तो ‘के’. ‘डेट’मधल्या ‘बी’ची गोष्ट अगदी निराळी. इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाच्या तोंडी तो कधीच नव्हता. तो बोलण्यातून भाषेत आला नाही, लेखणीतून आला. आणि तोही शब्द इंग्रजीत रुळून दोनशेहून अधिक वर्षे लोटल्यावर. तो कोणी आणला आणि का आणला, हे पाहायचे तर आरंभ लॅटिनपासून करायला हवा.

लॅटिन भाषेत ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे, बाळगणे. त्याला ‘पासून’, ‘कडून’ असा अर्थ दाखवणारा ‘दे’ हा उपसर्ग लागून ‘देबेरे’ हे क्रियापद झाले. दुसऱ्याकडचे आपल्याजवळ बाळगणे, म्हणजेच देणे लागणे. मराठी माणसाला हा विचार समजावून सांगावा लागत नाही. ‘वाण्याचे माझ्याकडे दोनशे रुपये निघतात’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके हेच म्हणत असतो. रुपये माझ्याकडे आहेत, पण ते माझे नाहीत. रोमन शेतकऱ्याला आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला कर्ज या वस्तूचे स्वरूप सारखेच दिसले, याचे मला नवल वाटत नाही. या ‘देबेरे’पासून ‘देबितुम्’ म्हणजे जे देणे लागते ते, आणि त्याचे अनेकवचन ‘देबिता’. पुढे बोलभाषेत व्याकरणाची बंधने सैल झाली, तेव्हा या नपुंसकलिंगी अनेकवचनालाच लोक स्त्रीलिंगी एकवचन समजू लागले. फ्रेंचमध्ये हा शब्द आजही स्त्रीलिंगी आहे, त्याचे मूळ तेथे आहे.

आता या शब्दाला गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीत, काय झाले ते पाहा. ‘देबिता’मधला मधला दुबळा स्वर गळाला. ‘ब’ आणि ‘त’ एकमेकांना येऊन भिडले. ओठांनी ‘ब्’ मिटायचा आणि लगेच जिभेने ‘त’ उच्चारायचा, हे जिभेला जड जाते. म्हणून ‘ब्’ने ‘त’चे रूप घेतले आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘देत्त’ असा शब्द सिद्ध झाला. हे वाचताना प्राकृताचा परिचय असलेल्या वाचकाला आपल्याच घरात शिरल्यासारखे वाटेल. संस्कृत ‘सप्त’, प्राकृत ‘सत्त’, मराठी ‘सात’. ‘दुग्ध’, ‘दुद्ध’, ‘दूध’. ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, त्याचे ‘भत्त’, आणि त्याचा आपल्या ताटातला ‘भात’. ‘सप्त’मधला ‘प्’ जसा आणि ज्या कारणाने गेला, तसा आणि त्याच कारणाने ‘देबिता’मधला ‘ब्’ गेला. कोणी कोणाचे अनुकरण केले नाही. माणसाचे तोंड सगळीकडे सारखेच आहे.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबारात, कचेरीत व न्यायालयात फ्रेंच भाषा बसली. ती इतकी घट्ट बसली की न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ साली करावा लागला, आणि गंमत अशी की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला गेला. राज्यकर्त्यांच्या भाषेतून पहिल्याने येतात ते पैशाचे, कराचे आणि शिक्षेचे शब्द. आपल्याकडे कर्ज, वसूल, जामीन, जप्ती, तगादा हे सारे अरबी-फारसी वाटेने आले. तिकडे ‘देत्त’ आला. त्यापूर्वी जुन्या इंग्रजीत कर्ज आणि अपराध या दोहोंना मिळून ‘श्युल्ड’ असा एकच शब्द होता. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ या शब्दाला आजही ते दोन्ही अर्थ आहेत. तो जुना शब्द गेला, पण त्याच घराण्यातले एक क्रियापद मागे राहिले. आमच्या पिढीला ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे नियम छड्या खाऊन पाठ करावे लागले. त्या ‘शॅल’चा मूळ अर्थ ‘मी देणे लागतो’ असा आहे. ‘ऑट’ हेही देणे लागण्याच्या क्रियापदाचेच जुने भूतकाळी रूप. जे देणे लागतो ते करणे भाग असते, या विचारातून कर्जाचे कर्तव्य झाले. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या आपल्या परंपरेला हा अर्थविस्तार परका नाही.

चौदाव्या शतकात चॉसर या कवीने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक व्यापारी रंगविला आहे. पोशाख उंची, बोलणे भारदस्त, देवघेवीच्या गोष्टी अशा रुबाबात चालतात की हा गृहस्थ कर्जात बुडालेला आहे याचा कोणाला पत्ताही लागत नाही. असा मनुष्य प्रत्येक गावात एक तरी असतो. चॉसरने तेथे ‘देत्त’ हाच शब्द लिहिला आहे, आणि त्यात ‘बी’ नाही. इंग्रजीतील त्या काळचा सर्वांत मोठा कवी ‘बी’वाचून लिहीत होता आणि त्याचे काही अडत नव्हते.

मग युरोपात विद्येच्या पुनरुज्जीवनाचे वारे वाहू लागले. लॅटिन ग्रंथांचे अध्ययन नव्या उत्साहाने सुरू झाले, १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या पंडितांना आपल्या रोजच्या शब्दांची जीर्ण वस्त्रे पाहून लाज वाटू लागली. ‘देत्त’ हा थोर ‘देबितुम्’चा वंशज, त्याच्या अंगावर कुळाची खूण नको का? तेव्हा त्यांनी लेखणीने ‘बी’ परत आणून बसवला. फ्रेंच लेखनिकांनी ही युक्ती त्यांच्याही आधी केलेली होती. आपल्याकडे एखाद्या शास्त्रीबुवांनी फर्मान काढावे की यापुढे ‘सात’ हा शब्द ‘साप्त’ असा लिहावा, मात्र वाचताना ‘सात’च म्हणावे, अशातला तो प्रकार होता.

एका शब्दावर हे थांबले नाही. ‘डाउट’ म्हणजे संशय. त्याचे लॅटिन मूळ ‘दुबितारे’, आणि त्याच्याही पोटात ‘दोन’ हा शब्द दडलेला. आपले मन द्विधा होते, तसेच हे. फ्रेंचमधून ‘दूत’ असा ‘ब’ गमावून आलेल्या या शब्दालाही ‘बी’ जोडण्यात आला. पावतीला म्हणतात त्या ‘रिसीट’मध्ये ‘पी’ घालण्यात आला. ‘फॉल्ट’ म्हणजे दोष. तो फ्रेंच ‘फोत’, त्यात ‘एल’ आला. येथे मात्र चमत्कार असा झाला की हा ‘एल’ पुढे लोक खरोखरच उच्चारू लागले. लिहिलेले पाहून बोलणे बदलले. ‘डेट’च्या ‘बी’ला हे भाग्य लाभले नाही.

सर्वांत हास्यास्पद गोष्ट ‘आयलंड’ या शब्दाची. बेट या अर्थाचा हा शब्द अस्सल इंग्रजी कुळातला, लॅटिनशी त्याचा काडीइतका संबंध नाही. परंतु त्याच अर्थाचा ‘आइल’ हा शब्द लॅटिन ‘इन्सुला’वरून फ्रेंचमार्गे आला होता आणि त्यात ‘एस’ होता. दोघे दिसायला सारखे, अर्थही तोच; पंडितांनी दोघांना भाऊ ठरवले आणि ‘आयलंड’च्या गळ्यात तो ‘एस’ अडकवून टाकला. खोटी वंशावळ एकदा दप्तरी लागली की काढणे किती कठीण, हे इनामाचे वाद पाहिलेल्या घराण्यांना सांगायला नको. तो ‘एस’ अजून तेथेच आहे.

या पंडिती हौसेची थट्टा करायला शेक्सपिअरवाचून दुसरा कोण मिळणार? ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ हे त्याचे नाटक १५९८ साली छापून निघाले. त्यात होलोफर्निस नावाचा एक शाळामास्तर आहे. आमच्याच व्यवसायातला, म्हणून मी तो प्रवेश जरा जपूनच वाचतो. हे मास्तर एका परदेशी सरदाराच्या उच्चारांवर संतापलेले आहेत. ‘डाउट’ आणि ‘डेट’ या शब्दांतला ‘बी’ तो मनुष्य उच्चारीत नाही म्हणजे काय! मास्तर अक्षरे सुटी सुटी करून दाखवतात आणि ‘बी’ वाजलाच पाहिजे असा आग्रह धरतात. विनोद असा की सरदार सगळ्या देशासारखाच बोलत होता. सगळ्या देशाविरुद्ध बोलत होते ते मास्तर. शंभरेक वर्षांपूर्वी कोणी तरी लिहून ठेवलेल्या अक्षराला ते भाषेचा प्राण समजत होते. त्याच भाषणात ते ‘अबॉमिनेबल’, म्हणजे तिरस्करणीय, या शब्दात ‘एच’चा आग्रह धरतात. त्या काळी या शब्दाचे मूळ ‘माणुसकीला सोडून’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे अशी समजूत होती. ते खरे नव्हते. तो शब्द ‘अपशकुन’ या कल्पनेतून आलेला आहे. तो ‘एच’ पुढे इंग्रजांनी काढून टाकला. म्हणजे मास्तरांचे एक अक्षर टिकले, तेही मुके होऊन, आणि दुसरे गेले.

कर्ज हा शब्द शेक्सपिअरच्या कानाला केवळ पुस्तकातून पडलेला नव्हता. त्याचे वडील जॉन शेक्सपिअर हे एके काळी स्ट्रॅटफर्डचे प्रतिष्ठित नागरिक. १५९२ सालच्या एका सरकारी यादीत चर्चला न येणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव आहे, आणि कारण दिले आहे ते कर्जापायी पकडले जाण्याच्या भीतीचे. घरात ज्या शब्दाने वडिलांना बाहेर पडणे अवघड केले, त्यातले एक अक्षर उच्चारावे की नाही यावर मास्तरांनी घातलेला वाद त्या मुलाला मोठेपणी किती पोकळ वाटला असेल!

१७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी लेखनाला बरीचशी स्थिरता आली. ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आहे आणि त्याच्याच जातीच्या ‘डिसीट’मध्ये नाही, ही विसंगती जॉन्सनला दिसत होती. प्रस्तावनेत तो ती मान्य करतो आणि बहुसंख्य लोक लिहितात तसेच मी लिहितो, असे सांगून पुढे जातो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. फ्रेंचांनी मात्र वेगळे केले. आपण घातलेला ‘बी’ त्यांनी कालांतराने काढून टाकला, आणि आज फ्रान्समध्ये कर्जाला ‘देत’ म्हणतात व लिहितातही ‘बी’वाचूनच. ज्यांच्याकडून शब्द घेतला ते मोकळे झाले, घेणारे अडकले. अर्थात फ्रेंचांचेही सगळेच तर्कशुद्ध आहे असे नाही. ‘सात’ या संख्येला ते ‘सेत’ म्हणतात आणि त्यात मुका ‘पी’ लिहितात. मघाशी ज्या ‘साप्त’ला आपण हसलो, तो पॅरिसमध्ये रोज लिहिला जातो.

‘देबेरे’ची इतर संतती इंग्रजी व्यवहारात सर्वत्र विखुरलेली आहे. बिलावरचे ‘ड्यू’, जकात नाक्यावरची आणि कचेरीतली ‘ड्यूटी’ ही फ्रेंच वाटेने आलेली. ‘एंडेव्हर’ म्हणजे प्रयत्न. त्यात ‘कर्तव्याला लागणे’ असा फ्रेंच प्रयोग गोठलेला आहे. ‘डेबिट’ हा लॅटिनमधून सरळ उचललेला, म्हणून त्याचा ‘बी’ खणखणीत वाजतो. आणि ‘डिबेंचर’? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरकारी देण्याच्या चिठ्ठीचा आरंभ ‘देबेंतुर’ या लॅटिन शब्दाने होत असे, म्हणजे ‘देणे निघते’. पहिल्या शब्दावरूनच कागदाला नाव पडले. ‘बी’च्या बाजूने बोलायचे तर एवढे म्हणता येईल : तो कानाला काही सांगत नसला, तरी ‘डेबिट’ आणि ‘डिबेंचर’ हे या शब्दाचे भाऊबंद आहेत हे तो डोळ्यांना दाखवतो. ‘आयलंड’च्या ‘एस’ला एवढाही युक्तिवाद नाही.

इंग्रजांना हसताना आपल्या घरातले मुके चिन्हही आठवायला हवे. ते म्हणजे अनुच्चारित अनुस्वार. पांच, दांत, कांटा, गांव, नांव, तें, घरें. आपल्या जुन्या पोथ्यांत आणि आजोबांच्या पत्रांत हे टिंब सर्वत्र दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि अखेर मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या १४ नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांत असे अनुस्वार देऊ नयेत असे ठरले. पाच, दात, काटा, गाव असे लेखन रूढ झाले.

पण हे टिंब आणि तो ‘बी’ एका तोलाचे नव्हेत. ‘बी’ इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नव्हता. आपले टिंब एकेकाळी सर्वांच्या नाकातून निघत होते. ‘पंच’, ‘दन्त’, ‘कण्टक’ यांतल्या अनुनासिकाचा तो खराखुरा अवशेष होता. ‘ग्राम’ आणि ‘नाम’ यांतला ‘म’ विरून ‘गांव’, ‘नांव’ झाले. देशावरच्या प्रमाण बोलीतून तो उच्चार गेला. गोव्यात आणि कोकणात तो आजही ऐकू येतो. म्हणजे इंग्रजांनी कधी नसलेले अक्षर सांभाळले आणि आपण एकेकाळी असलेले चिन्ह सोडले. त्यात थोडे नुकसानही झाले. माणसाचे नाव आणि नदीतली नाव आता लिहिण्यात एकच. ‘तें’ आणि ‘ते’ यांतला भेद वाचकाने संदर्भाने ओळखायचा. तरीही एकंदरीत मला नियम मान्य आहे. जे मूल ज्या शब्दात नाकातला उच्चार ऐकत नाही, त्याला त्या शब्दावर टिंब देण्यासाठी संस्कृत व्युत्पत्ती शिकून ये असे म्हणणे होलोफर्निसला शोभेल.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत मात्र याला आणखी एक पदर आहे. इंदूर-ग्वाल्हेरची मुले शाळेत हिंदी शिकतात. तेथे पाँच, दाँत, गाँव हे चंद्रबिंदूसह लिहितात आणि तसेच बोलतात. बडोद्याची मुले गुजरातीत ‘पांच’ आणि ‘दांत’ ऐकतात. ही मुले मराठी पत्र लिहिताना ‘पांच’ लिहितात, आणि पुण्याहून आलेले एखादे नातेवाईक लगेच म्हणतात, ‘मुलांचे मराठी बिघडले.’ बिघडले नाही. शेजारच्या भाषेने जो उच्चार जपला तो त्या मुलाच्या कानात आहे, आणि त्याच्या पणजोबांनी तो शब्द तसाच लिहिला होता. आजचा नियम वेगळा आहे, एवढे त्याला सांगावे. रागवायचे कारण नाही. आणि वयोवृद्ध वाचक अजून ‘नांव’ लिहीत असतील तर त्यांच्या पत्रातले टिंब खोडण्याचा अधिकार नातवंडांनाही नाही.

परीक्षकाला चॉसर ठाऊक असतोच असे नाही, म्हणून ‘डेट’ लिहिताना ‘बी’ घालायला मी विद्यार्थ्यांना सांगतोच. परंतु वहीत डी-ई-टी असे आढळले, तर मी त्यावर लाल फुली मारीत नाही. शेजारी समासात ‘डेबिट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून ठेवतो आणि दोन्ही एकाखाली एक मोठ्याने वाचायला लावतो. बहुतेक मुले पुढच्या खेपेस ‘बी’ विसरत नाहीत. एखादा तरी विचारतोच, ‘मग सर, येथे वाजतो आणि तेथे का नाही?’ त्या दिवशी तास व्याकरणाचा असो की निबंधाचा, तो ‘सप्त’ आणि ‘सात’ यांवरच खर्ची पडतो.